सिलिकॉनच्या साच्यात प्यूटरचे दागिने: घरच्या घरी ओतकामाची सुरुवात

प्यूटर हा कथलाचा मिश्रधातू. दागिन्यांसाठी मिळणाऱ्या आजच्या शिसेविरहित प्यूटरमध्ये साधारण ९२ टक्के कथील, ६ ते ८ टक्के अँटिमनी आणि थोडं तांबं असतं. चांदी वितळायला ९६० अंश सेल्सिअसपर्यंत जावं लागतं, प्यूटरचं काम ३०० अंशांच्या आत होतं. म्हणूनच भट्टी नसतानाही, टेबलावरच्या हॉटप्लेटवर हा धातू वितळतो आणि सिलिकॉन रबराच्या साच्यात ओतता येतो.

पण धातू वितळवणं हा या कामातला सोपा भाग आहे. पहिला नग खराब निघाला की नवशिके धातूचं तापमान वाढवत सुटतात, आणि दोष बहुतेक वेळा साच्यात असतो: हवा निघायला वाट नाही, ओतण्याचं तोंड अरुंद आहे किंवा रबर पुरतं वाळलेलं नाही. त्यामुळे या लेखात साच्यावर जास्त वेळ घालवला आहे. तुम्हीही तसाच घालवा.

कुठला धातू घ्यायचा

विकत घेताना वेष्टनावर घटक टक्केवारीसह लिहिलेले हवेत आणि त्यात शिसं व कॅडमियम नसावं. जुने पेले, ताटल्या, मासेमारीची वजनं, नळजोडणीचं जुनं सोल्डर हे कधीही वितळवू नका. जुन्या प्यूटरमध्ये शिसं भरपूर असू शकतं आणि नुसतं बघून ते ओळखता येत नाही. अंगाला लागणाऱ्या वस्तूत ही जोखीम घ्यायचं काहीच कारण नाही.

तांब्याचं प्रमाण नीट बघा. ९२ टक्के कथील, ६ टक्के अँटिमनी आणि २ टक्के तांबं असं जुनं, प्रसिद्ध मिश्रण पूर्ण पातळ व्हायला २९५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. तांबं अर्ध्या टक्क्याच्या आत असेल, तर तेच काम २४० ते २५० अंशांवर होतं. सिलिकॉनसाठी हा फरक फार मोठा आहे, म्हणून पहिल्यांदा कमी तांब्याचाच प्यूटर घ्या. बिस्मथ मिसळलेले, आणखी कमी तापमानाला वितळणारे मिश्रधातूही मिळतात. साच्याला ते सोपे जातात, पण बिस्मथ जास्त असलं की धातू ठिसूळ होतो आणि पेंडंटची कडी तुटते.

कुठलं सिलिकॉन

साबण किंवा रेझिनसाठी मिळणारं मऊ सिलिकॉन इथे चालत नाही. त्यातली बरीचशी रबरं २०० अंशांच्या पुढे टिकत नाहीत. एखाददुसरा नग निघेलही, पण कडा लगेच करपतात आणि चिरतात. धातू ओतण्यासाठी बनवलेलं, उष्णता सहन करणारं रबरच घ्या. स्मूथ-ऑन कंपनीचं मोल्ड मॅक्स ६० हे याचं नेहमीचं उदाहरण: शोर ए (रबराचा कडकपणा मोजायची पट्टी) वर ६० कडकपणा, २९४ अंशांपर्यंत सहनशक्ती, १०० भाग रबराला वजनाने ३ भाग हार्डनर (रबर घट्ट करणारं द्रव्य). दुसऱ्या कंपनीचं घेतलंत तर कमाल तापमान आणि मिश्रणाचं प्रमाण त्याच्या माहितीपत्रकातून घ्या, अंदाजाने नको.

अशी कडक रबरं फारशी ताणली जात नाहीत. त्यामुळे खोल खाचा, आत वळलेली पानं, आरपार जाळी असलेला नमुना पहिल्या साच्यासाठी निवडू नका. तो सोडवताना रबर फाटेल.

सिलिकॉन कशाच्या मदतीने घट्ट होतं त्यावरून त्याचे दोन प्रकार असतात: कथलाच्या संयुगाने (टिन-क्युअर) आणि प्लॅटिनमच्या संयुगाने (प्लॅटिनम-क्युअर). टिन-क्युअर प्रकार बहुतेक सगळ्या नमुन्यांवर बिनतक्रार सेट होतो. प्लॅटिनम-क्युअर प्रकार गंधकयुक्त माती, लेटेक्सचे हातमोजे, थ्रीडी प्रिंटरचं रेझिन यांच्या संपर्कात आला तर चिकटच राहतो. नवशिक्याने टिन-क्युअर घ्यावं.

लागणारं सामान

०.१ ग्रॅम किंवा त्याहून बारीक वजन दाखवणारा डिजिटल काटा, हॉटप्लेट, ओतायला टोक असलेलं स्टेनलेस स्टीलचं किंवा बिडाचं छोटं भांडं आणि एक पळी, के-टाइप थर्मोकपल (धातूत बुडवता येणारी, तापमान मोजणारी तार) असलेला थर्मामीटर, शंखजिऱ्याची बारीक पूड आणि मऊ ब्रश, ६ मिलिमीटर जाडीचे प्लायवूडचे दोन तुकडे, जाड रबरबँड, धारदार कटर, सोनारी करवत, बारीक कानशी, पॉलिश पेपर.

लेसर दाखवून तापमान सांगणारा इन्फ्रारेड थर्मामीटर इथे फसवतो. वितळलेल्या प्यूटरचा पृष्ठभाग आरशासारखा असतो, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी दिसतो. तो बघून तुम्ही आच वाढवाल आणि साचा जाळाल. थर्मोकपलचं टोक थेट धातूत बुडवायचं असतं.

भांडी एकदा या कामाला लागली की पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. पूर्वी शिसं वितळवलेलं भांडं तर घ्यायचंच नाही, कितीही घासलं तरी.

सुरक्षितता

सर्वात मोठा धोका पाण्याचा आहे. गरम धातूखाली पाण्याचा थेंब अडकला की त्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून अंगावर येतो. ओली पळी, घाम आलेला हात, दमट साचा, बाहेरून आणलेला गार धातूचा तुकडा यातलं काहीही पुरेसं आहे. वितळलेल्या धातूत घालायची प्रत्येक वस्तू आधी हॉटप्लेटच्या कडेला ठेवून कोरडी आणि गरम करा. कामाच्या टेबलावर पाण्याचा पेला ठेवू नका.

चेहरा झाकणारी ढाल, चामड्याचे हातमोजे, लांब बाह्यांचे सुती कपडे, बंद बूट हे सगळं घालूनच ओता. कृत्रिम धाग्याचे कपडे कातडीला चिकटतात. खिडक्या उघड्या ठेवा. टेबलावर धातूचा पसरट ट्रे ठेवा आणि त्यातच ओतकाम करा, म्हणजे सांडलेला धातू पायावर जाणार नाही. भाजलंच तर लगेच वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरा. म्हणून खोलीत नसला तरी नळ जवळ असावा. मुलं आणि पाळीव प्राणी आत नकोत. काम संपल्यावर हात साबणाने धुवा. त्याआधी खाणंपिणं नाही.

नमुना: पहिला साचा सपाट पाठीचा करा

चारी बाजूंनी नक्षी असलेल्या वस्तूला मातीत अर्धं पुरून दोन भागांचा साचा करावा लागतो. ते पुढे शिका. सुरुवातीला साधारण ३० मिलिमीटर व्यासाचं, २.५ मिलिमीटर जाडीचं, मागून सपाट असं पेंडंट घ्या. नक्षी पुढच्या भागात येते आणि मागचा भाग म्हणजे नुसती सपाट पाटी.

नमुना पॉलिमर क्लेचा, लाकडाचा, कठीण मेणाचा किंवा धातूचा चालतो. लाकडासारखी सच्छिद्र वस्तू असेल तर वार्निशचे दोन हात द्या. सिलिकॉन बोटाचा ठसासुद्धा उचलतं, म्हणून नमुन्यावरचा ओरखडा आत्ताच घासून टाका, नाहीतर तो प्रत्येक नगात येईल. १.५ मिलिमीटरपेक्षा पातळ भाग ठेवू नका. धातू तिथे पोचायच्या आत गोठतो. कडीचं भोक साच्यात करायच्या फंदात पडू नका, ते नंतर ड्रिलने पाडा.

साच्याचा पहिला भाग

काच किंवा ॲक्रिलिकच्या गुळगुळीत पाटीवर नमुना पाठीवर चिकटवा. त्याच्या सर्वात जाड कडेला लागून मातीचं ओतण्याचं तोंड घडवा: उभ्या चिरलेल्या नरसाळ्याचा अर्धा भाग समजा. वर १४ मिलिमीटर रुंद, नमुन्याशी ४ ते ५ मिलिमीटर, उंची २५ ते ३०. ही उंची महत्त्वाची आहे. प्यूटर वजनदार असला तरी छोट्या नक्षीत स्वतःहून शिरत नाही. वर उभ्या असलेल्या धातूचा दाब त्याला आत ढकलतो. शिवाय नग गोठताना आक्रसतो तेव्हा लागणारा जादा धातू याच तोंडातून खाली येतो. तोंड नगाच्या आधी गोठलं तर नगात खड्डा पडतो.

कोपऱ्यांजवळ तीन-चार अर्धगोल मणी चिकटवा. दोन्ही भाग जागच्या जागी बसवणाऱ्या खुणा त्यांच्यामुळे तयार होतील. भोवती ६० बाय ७५ मिलिमीटर मापाची, २० मिलिमीटर उंच चौकट उभारा. तोंडाची रुंद बाजू चौकटीला टेकलेली हवी. बाकी बाजूंना नमुन्यापासून १२ ते १५ मिलिमीटर रबर राहू द्या. फटी मातीने बुजवा, कारण सिलिकॉन केसाएवढ्या फटीतूनही गळतं.

रबर किती लागेल? ६ × ७.५ × २ सेंटिमीटर म्हणजे ९० घनसेंटिमीटर. घनता १.४५ धरली तर सुमारे १३० ग्रॅम. भांड्याला चिकटून वाया जाणारं धरून १४५ ग्रॅम रबर आणि त्याला ४.३५ ग्रॅम हार्डनर घ्या. चमच्याने अंदाज करू नका. हार्डनर कमी पडला तर रबर मऊ राहतं. जास्त झाला तर वापरण्याजोगा वेळ कमी होतो आणि साचा ठिसूळ होतो.

तळ आणि कडा खरवडत तीन-चार मिनिटं ढवळा. रंग एकसारखा झाला नाही तर कुठेतरी न मिसळलेलं रबर आहे. आधी थोडं मिश्रण ब्रशने नक्षीच्या खाचाखोचांत लावा, मग उरलेलं एकाच कोपऱ्यातून, उंचावरून, दोऱ्यासारख्या बारीक धारेने ओता. त्या धारेत मोठे बुडबुडे फुटतात. आता २४ तास हात लावू नका.

दुसरा भाग

चौकट आणि पाटी काढा, साचा उलटा करा, नमुना मात्र आतच राहू द्या. मणी निघून जातील आणि त्यांचे खळगे राहतील. रबराच्या सगळ्या उघड्या भागावर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर ब्रशने लावा. एक ठिपकाही सुटता कामा नये: सिलिकॉन सिलिकॉनला असं जोडलं जातं की मग कटरशिवाय उपाय नाही. चौकट वर सरकवून पुन्हा बसवा आणि १२ ते १५ मिलिमीटर जाडीचा दुसरा भाग ओता. पुन्हा २४ तास.

उघडल्यावर नमुना आणि मातीचं तोंड काढा, जेली पुसा, साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं करा. टिन-क्युअर रबर सेट होताना अल्कोहोल सोडतं आणि त्याचा काही अंश आत उरतो. असा साचा लगेच वापरला तर गरम धातू लागताच वायू सुटतो आणि नगाच्या पृष्ठभागावर छिद्रं पडतात. म्हणून अन्नासाठी न वापरल्या जाणाऱ्या छोट्या ओव्हनमध्ये ६५ अंशांवर ४ तास ठेवा. सर्वाधिक टाळली जाणारी पायरी हीच आहे, आणि ती टाळल्याचा परिणाम नगावर स्पष्ट दिसतो.

हवेच्या वाटा

धातू आत येताना हवेला बाहेर जावं लागतं. नक्षी असलेल्या भागाच्या सपाट पृष्ठभागावर, पोकळीच्या कडेपासून साच्याच्या वरच्या काठापर्यंत, धारदार कटरने १ मिलिमीटर रुंद आणि तेवढ्याच खोल व्ही आकाराच्या चिरा पाडा. तोंडाच्या दोन्ही बाजूंच्या खांद्यांपासून एकेक चीर हवीच. नक्षीत बाहेर आलेली टोकं असतील तर त्या प्रत्येकापासून एक वाट काढा आणि ती वळवून वर न्या.

सुरुवातीला कमी आणि बारीक चिरा पाडा. चीर वाढवता येते, बुजवता येत नाही. पहिल्या दोन-तीन नगांत धातू जिथे पोचला नाही तिथूनच पुढची चीर काढायची. साचा असा हळूहळू घडत जातो, आणि या कामातला सर्वात समाधानाचा भाग आमच्या मते हाच आहे.

वितळवणं आणि ओतणं

३० मिलिमीटरच्या पेंडंटला सुमारे १३ ग्रॅम आणि तोंडाला ७ ग्रॅम धातू लागतो (प्यूटरची घनता घनसेंटिमीटरला ७.३ ग्रॅम). पण २० ग्रॅमच वितळवाल तर तो ओतता ओतता गोठेल. भांड्यात किमान १५० ते २०० ग्रॅम ठेवा.

साच्याच्या दोन्ही भागांच्या आतल्या बाजूंवर शंखजिऱ्याची पूड ब्रशने लावा आणि दोन भाग एकमेकांवर आपटून जादा पूड झाडा. ही पूड धातूला पसरायला मदत करते आणि रबराचं आयुष्य वाढवते, पण खाचेत साचली तर तेवढी नक्षी जाते. झाडताना तोंडावर मास्क असू द्या. भाग जुळवा, बाहेरून प्लायवूडच्या फळ्या लावा, दोन रबरबँड चढवा. घट्ट आवळू नका. रबर दबलं की पेंडंट पातळ होतं आणि हवेच्या वाटा बंद होतात.

धातू पूर्ण वितळल्यावर तापमान बघा. कमी तांब्याच्या प्यूटरसाठी २६५ ते २८५ अंश योग्य. थर्मामीटरचा भरवसा नसेल तर कोरडी, बारीक लाकडी काडी धातूत क्षणभर बुडवा: फिकट तपकिरी झाली तर ठीक, काळी पडून धूर आला तर धातू फार गरम आहे.

पृष्ठभागावरची राखाडी मळी गरम पळीने बाजूला सारा. मात्र धातू पुरेसा गरम नसताना वर चिकट, रवाळ थर दिसला तर तो काढू नका. ती मळी नव्हे. अँटिमनी आणि तांब्याचे स्फटिक आधी गोठून वर आलेले असतात. ते काढत राहिलात तर उरलेला प्यूटर मऊ होत जाईल. आच थोडी वाढवा, ढवळा, ते पुन्हा विरघळतील.

पळीही गरम करून घ्या. मग एका सलग धारेत, न थांबता, तोंड काठोकाठ भरेपर्यंत ओता. मध्ये थांबलात तर दोन थरांमध्ये रेघ उमटते. भरल्यावर साचा ट्रेवर दोन-तीनदा हलकेच टेकवा. तोंडावरची आरशासारखी चमक जाऊन मध्ये खळगा पडला की धातू गोठू लागला. त्यानंतरही तीन-चार मिनिटं थांबा. रबर उष्णता सावकाश सोडतं, त्यामुळे आतला धातू वरच्यापेक्षा जास्त वेळ मऊ असतो. लवकर उघडलं तर नग मोडतो, आणि साचा पाण्यात बुडवून गार करणं तर कधीच नाही.

पहिले दोन-तीन नग अर्धवट निघणारच, कारण साचा गार असतो. ते साचा तापवण्यासाठीच ओतले असं धरा आणि पुन्हा भांड्यात टाका. फक्त त्यांना पाणी लागलेलं नको. कापलेली तोंडंही पुन्हा वितळवता येतात.

काय बिघडतं आणि का

कडा गोलसर, नक्षी अपुरी: साचा किंवा धातू गार, नाहीतर हवा अडकली आहे. दर वेळी त्याच जागी अपुरं राहत असेल तर हवा. जागा बदलत असेल तर तापमान.

पृष्ठभाग मंद, दाणेदार, बर्फ साचल्यासारखा: साचा फार तापला. ओळीने आठ-दहा नग ओतले की असं होतं. उघडा ठेवून दहा मिनिटं गार करा.

बारीक छिद्रं: रबरातला ओलावा किंवा अल्कोहोल. साचा पुन्हा ६५ अंशांवर ठेवा.

तोंडाजवळ खड्डा: तोंडाचा अरुंद भाग लवकर गोठतो आहे. तो अर्धा मिलिमीटर मोठा करा आणि नंतर पुन्हा बघा. एकदम दुप्पट केलात तर कापल्याचा डाग पेंडंटवर मोठा दिसेल.

कडेने धातूचा पातळ पापुद्रा: भाग नीट जुळले नाहीत, मध्ये कण अडकला आहे किंवा फळी वाकली आहे.

फिनिशिंग

तोंड करवतीने कापा, कडा कानशीने घासा. प्यूटर मऊ असल्यामुळे कानशीचे दात भरतात. आधी कानशीवर खडू घासलात तर ती लवकर साफ होते. चांदी-सोन्याचं कामही करत असाल तर प्यूटरच्या कानशी, करवती आणि पॉलिशची चाकं पूर्ण वेगळी ठेवा. प्यूटरचा कण चांदीवर राहून गेला आणि ती तापवली, तर कथील चांदीत शिरून खड्डे पाडतं. त्याला मग दुरुस्ती नाही.

कडीसाठी १.५ मिलिमीटरचं भोक हळू वेगाने पाडा, कडेपासून किमान २ मिलिमीटर आत. नेहमीच्या टॉर्चने सोल्डर करू नका, पूर्ण पेंडंटच वितळेल. मग ४००, ६००, १००० असा पॉलिश पेपर आणि शेवटी पॉलिशची पेस्ट व मऊ कापड.

नक्षी उठून दिसायला खोलगट भाग काळे करतात. प्यूटर काळा करणारी रसायनं विकत मिळतात, पण ती आम्लयुक्त आणि बरीचशी विषारी असतात. हातमोजे आणि मोकळी हवा याशिवाय बाटली उघडू नये. सुरुवातीला काळा ॲक्रिलिक रंग खाचांत भरा, अर्धवट वाळल्यावर वरचा भाग ओलसर कापडाने पुसा आणि पूर्ण वाळल्यावर उंचवटे अतिबारीक स्टील वूलने हलकेच उजळा.

साचा ठेवताना दोन्ही भागांना पूड लावून, एकमेकांवर जुळवून, सपाट जागी ठेवा. वाकडा किंवा वजनाखाली राहिला तर रबर तो आकार धरतं आणि पुढच्या वेळी कडेने पापुद्रे येतात. फळीच्या मागे मिश्रधातूचं नाव, ओतण्याचं तापमान आणि थांबायची मिनिटं पेन्सिलने लिहून ठेवा. प्रत्येक साच्याचे हे आकडे थोडे वेगळे असतात.